एप्रनमधली बाई

मंडळात तिला सगळे प्रस्तावना म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं आणि चांगलं होतं, पण चित्रपट सुरू होण्याआधी उभं राहून दोन शब्द बोलायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते शब्द कधी दोनावर थांबले नव्हते. लोकांना नमनाला घडाभर तेल लागतं. हिच्या नमनाला अख्खा घाणा लागायचा. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना भेटीच्या वेळा देई. तिथे तोंड उघडायचं ते इतरांनी. त्यामुळे रविवारपर्यंत तिचं बरंच बोलायचं साचलेलं असे.

मंडळात तिच्याखेरीज दोघं होते. एक वायर. हा मोबाइलदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि प्रोजेक्टर त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. दुसरा तज्ज्ञ. तज्ज्ञाने तिघांत सर्वांत जास्त चित्रपट पाहिले होते आणि त्यांतला एकही त्याला पुरता आवडला नव्हता. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हे तिघं वसाहतीच्या सभागृहातलं टेबल टेनिसचं टेबल दुमडून भिंतीला लावत, खुर्च्या मांडत आणि लोकांना चित्रपट दाखवत. स्वतःला ते क्युरेटर म्हणवत. प्रस्तावनाची आई शेजारणींना "सिनेमा लावतात" एवढंच सांगे.

सभागृहाच्या खिडक्यांचे पडदे वीतभर तोकडे होते, त्यामुळे चित्रावर खालच्या अंगाला उन्हाची एक पट्टी पडे. वाळवंटातल्या चित्रपटांत ती खपून जाई. बाकीच्यांत पात्रं गुडघ्यापर्यंत उन्हात उभी असत.

मंडळाचे नियम दोन. पहिला, धाग्याशिवाय कार्यक्रम नाही. म्हणजे कुठलेही चार चित्रपट उचलून लावायचे नाहीत. त्यांच्यामधून काहीतरी एक ओवलेलं पाहिजे. 'उघडी राहिलेली दारं' हा एक धागा होऊन गेला होता. 'वाट बघणारी माणसं' हा दुसरा, त्यात प्रेक्षकांनीही भरपूर वाट पाहिली. दुसरा नियम, चित्रपटानंतरची चर्चा कधीही आवरती घ्यायची नाही. ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारावं. हा नियम मुख्यतः निवृत्त मुख्याध्यापकांच्या पथ्यावर पडला होता. ते चित्रपटभर डुलकी काढत आणि दिवे लागले की ताजेतवाने होऊन प्रश्न विचारत.

प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातही एक जोडपं घरी रंगकाम चाललं होतं म्हणून येई, आणि रंग वाळल्यावर यायचं बंद झालं.

"अरे, माणसांना माणसं दाखवा," प्रस्तावनाची आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "ओळखीची. कोण कुठली ती परकी बाई बर्फात चालतेय, चालतेय. तिचं आम्हाला काय?"

तज्ज्ञाने यावर डोळे मिटले. पण रिकाम्या खुर्च्या त्यालाही दिसत होत्याच. आणि वायरला त्या आठवड्यात दुकानात एक जुनी कॅसेट दुरुस्तीला आली होती, कुणाच्या तरी लग्नाची. ती चालते का हे बघायला त्याने लावली आणि तिघांनी ती शेवटपर्यंत पाहिली. कॅमेरा नवरा-नवरीला सोडून मध्येच छताच्या पंख्याकडे जाई, तिथे बराच वेळ रमे, मग एकदम कुणाच्या तरी ताटात उतरे.

"हा माणूस दिग्दर्शक आहे," तज्ज्ञ म्हणाला. त्याच्या तोंडून कुणाबद्दल बरं निघण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे बाकीच्या दोघांनी हरकत घेतली नाही.

तो माणूस म्हणजे शूटिंगवाले काका. वसाहतीत आणि आजूबाजूला गेल्या तीस वर्षांत जेवढी लग्नं झाली, ती सगळी यांनी टिपलेली. स्वतः बिनलग्नाचे. दुसऱ्यांची इतकी पाहिली की हौस फिटली, असं ते सांगत. मंडळी त्यांच्या दुकानात गेली आणि "तुमच्या समग्र कामाचा आढावा घ्यायचा आहे" असं तज्ज्ञाने म्हटल्यावर काका आधी घाबरले. त्यांना वाटलं, आयकर. मग समजलं तसे ते खुलत गेले. हरभऱ्याच्या झाडावर चढायला काहींना शिडी लागते, काका नुसता हात धरल्यावर चढले. पुढच्याच खेपेला त्यांच्या गळ्यात मफलर आला होता आणि ते "माझ्या सुरुवातीच्या काळात" अशी वाक्यं बोलू लागले होते.

त्यांच्या मागच्या खोलीत कपाटभर मूळ टेपा होत्या. गिऱ्हाइकाला द्यायची कॅसेट वेगळी, कापून-जोडून, गाणी घालून केलेली. या टेपा म्हणजे कॅमेऱ्याने जे जे पाहिलं ते सगळं. त्या पोत्यात भरून पोरांनी घरी आणल्या, घरोघर जाऊन परवानग्या घेतल्या, आणि संध्याकाळी बसून एकेक पाहायला सुरुवात केली.

धागा तिसऱ्या-चौथ्या टेपेलाच सापडला. प्रत्येक टेप सुरू व्हायची ती पांढऱ्या रंगाने. सगळं चित्र पांढरंशुभ्र. मग कॅमेरा हळूहळू मागे यायचा आणि त्या पांढऱ्यातून एक बाई दिसू लागायची. पांढऱ्या एप्रनमधली, दाराशी उभी, हात पुढे बांधलेले, खिशाला टाचण्या. क्षणभर ती कॅमेऱ्याकडे बघायची आणि मग लग्न सुरू व्हायचं. प्रत्येक लग्नात तेच. नवऱ्या बदलत, नवरे बदलत, बाई तीच.

"कोण आहे ही?" तज्ज्ञाने विचारलं.

"माझी आत्या," प्रस्तावना म्हणाली.

आत्याचं काम शिवणाचं. भावाच्या घरातली पुढची खोली तिची, तिथे तिचं मशीन. पण लग्नसराईत तिला खास बोलावणं असे. मापं दिल्या दिवसापासून लग्नापर्यंत नवरीचं अंग काही एका जागी थांबत नाही, आणि जे उसवायचं ते ऐन वेळी उसवतं. म्हणून लोक आत्याला दिवसभरासाठी ठरवत. सर्व रंगांचे दोरे, सुया आणि टाचण्या घेऊन ती दाराशी उभी राही. एप्रन पांढरा, गर्दीतून पटकन सापडावी म्हणून. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. मोडलं नव्हतं, कुणी नाकारलंही नव्हतं. उद्या करू उद्या करू म्हणताना एखादं काम राहतं तसं राहिलं होतं. प्रस्तावनाला लहानाची मोठी तिनेच केलं. आई नोकरीवर जाई, तेव्हा मशीनच्या पायडलशेजारी चिंध्यांत बसून हिने अर्धं बालपण काढलं. जगात तिचा सगळ्यांत जास्त जीव कुणावर असेल तर तो आत्यावर, आणि आत्याच्या वाट्याला काहीतरी यायला हवं होतं हे तिला कधीचं वाटत आलं होतं.

असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात पत्रक लिहायचं काम देऊ नये. पण ते तिच्याच हातात होतं.

तिने लिहिलं: 'गेली तीस वर्षं एक कॅमेरा प्रत्येक समारंभात आधी एका स्त्रीकडे बघतो आणि मगच नवरीकडे. शुभ्रतेतून ती पुन्हा पुन्हा प्रकट होते. हे नुसतं बघणं आहे, की न बोललेलं आणखी काही? उत्तर प्रेक्षकांनी शोधायचं आहे.' इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने खाली आणखी एक ओळ घातली: 'आम्हाला ते सापडलं आहे.'

तज्ज्ञ म्हणाला, शेवटची ओळ काव्यात्म आहे. वायर म्हणाला, काकांना विचारलं का? प्रस्तावना म्हणाली, कलाकाराला असं विचारायचं नसतं. पत्रक छापून झालं, फलकावर लागलं, वाण्याच्या दारावर लागलं, आणि वसाहतीत जिकडे तिकडे तेच बोलणं सुरू झालं.

आत्याने ते फलकावर वाचलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर गिऱ्हाइकाच्या ऐवजी तिचंच निळं जाकीट होतं, कमरेत घेतलेलं.

"वन्सं, आज काय विशेष?" आईने विचारलं.

"ढगळ झालं होतं," आत्या म्हणाली.

मग तिने केस थोडे कापून घेतले. मग जेवताना, विषय दुसराच चालला असताना, "त्यांचा चहा अजून बिनसाखरेचाच असतो का गं?" असं विचारलं. कुणाचा ते सांगितलं नाही. वडील ताटातून वर बघायच्या आत आईने त्यांना आणखी आमटी वाढली. प्रस्तावनाला इतका आनंद झाला की त्या रात्री तिने आपल्या दोन शब्दांचा मसुदा आणखी लांबवला.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ती काकांच्या दुकानात गेली. ओळख करून देताना त्यांचीच दोन वाक्यं हाती असावीत, एवढाच हेतू. काका मफलर सावरून बसले होते.

"काका, तुमची प्रत्येक कलाकृती आत्यापासून सुरू होते," ती म्हणाली. "यामागे तुमची भूमिका काय?"

"कोण आत्या?"

"एप्रनमधल्या."

"हां, त्या. ते व्हाइट घ्यायला."

"म्हणजे?"

"कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवावं लागतं. बाबा रे, हे पांढरं, असं सांगायचं. मग बाकीचे रंग तो नीट घेतो. नाहीतर नवरी पिवळी येते, आणि नवरीच्या आईच्या शिव्या मला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लग्नात पांढरं मिळणं महामुश्कील. टेबलावरच्या कापडावर मी पोचेपर्यंत डाग पडलेले असायचे. यांचा एप्रन एकदम स्वच्छ. आणि बाई हलायच्या नाहीत. बरं पडायचं."

"फक्त एप्रन?"

"मग काय!"

"पण चेहरा पण आलाय."

"मागे आलं की येणारच. माणसाला असतो चेहरा."

"अलीकडच्या टेपांतही त्याच आहेत. आताचे कॅमेरे तर स्वतःच सगळं करतात ना?"

"करतात. पण माझा त्यांच्यावर विश्वास नाही," काका म्हणाले, आणि मग एकदम पुढे वाकून आवाज उतरवून म्हणाले, "तुला एक सांगू का? ते दाखवू नका. ती माझी कापाकापी आहे गं. गिऱ्हाइकाच्या एकाही कॅसेटमध्ये ते गेलेलं नाही. दिग्दर्शकाचं फेकलेलं लोकांना दाखवायचं म्हणजे कसं वाटतं?"

रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की आपण वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात हिने दाखवला होता आणि अवलक्षण जाणार होतं आत्याच्या पदरी. सगळ्या वसाहतीने ते पत्रक वाचलं होतं. सगळी वसाहत येणार होती. चर्चेत कुणीतरी काकांना हेच विचारणार, काका हेच सांगणार, आणि आत्या निळं जाकीट घालून पुढच्या रांगेत बसलेली असणार.

तिने मंडळाची तातडीची बैठक बोलावली, वायरच्या दुकानातच, काउंटरच्या अलीकडे.

"ते तुकडे काढून टाकू," ती म्हणाली.

"धागाच काढायचा?" तज्ज्ञ म्हणाला. "मग उरलं काय? लोकांची लग्नं!"

"पण ते प्रेम नाहीये. तांत्रिक आहे."

"कलाकाराला काय वाटतं याला महत्त्व नसतं. तूच म्हणालीस."

"मग चर्चा नको ठेवूया."

यावर तज्ज्ञाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने प्रोजेक्टर विकायचा प्रस्ताव मांडला होता. वायर तेवढा हळूच म्हणाला, "आत्याला सांगून टाक ना सरळ. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं हे वायरला माहीत नव्हतं, कारण त्याने आत्याला या आठवड्यात पाहिलं नव्हतं. प्रस्तावना सांगायला गेली, नाही असं नाही. आत्या मशीनवर होती. हिने स्टूल ओढलं, घसा साफ केला आणि सवयीप्रमाणे लांबून सुरुवात केली, की कॅमेरा हे एक यंत्र आहे आणि यंत्राच्या काही गरजा असतात.

"थांब," आत्या म्हणाली आणि जाकिटाला दोन बटणं लावून दाखवली. "यातलं कुठलं?"

"हे. आत्या, मी काय म्हणत होते..."

"मला वाटायचं, मी असले काय नसले काय," आत्या बटण शिवता शिवता म्हणाली. "सगळ्यांचं लक्ष नवरीकडे. असायचंच. मी उभी असायचे दाराशी, वाटायचं, आपण म्हणजे दाराचा एक भाग. आणि एवढी वर्षं कुणीतरी बघत होतं! हे कळायला तुला लहानाची मोठी होऊन पत्रक लिहावं लागलं." तिने दोरा दातांनी तोडला. "हां, काय म्हणत होतीस? यंत्राचं?"

"काही नाही," प्रस्तावना म्हणाली. जिला बोलायला विषय पुरत नसे, ती मूग गिळून स्टुलावर बसून राहिली.

रविवारी सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून टेबल टेनिसचं टेबल पुन्हा उघडून त्यावर लोक बसवले. ज्यांची लग्नं दाखवली जाणार होती ते सगळे सहकुटुंब. मध्यंतरी वेगळं झालेलं एक जोडपंही आलं, दोघं दोन टोकांना बसली आणि आपलंच लग्न वेगवेगळं बघू लागली. काका पुढे, मफलरसकट. आत्या पहिल्या रांगेत, निळ्या जाकिटात. मुख्याध्यापक तिच्या मागे, आणि आज जागे.

प्रस्तावनाचे दोन शब्द त्या दिवशी खरोखर दोनच निघाले. "बघा आता," ती म्हणाली आणि बाजूला झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिलं लग्न. चित्र पांढरं झालं, मागे सरकलं आणि दाराशी आत्या उभी राहिली. पंचविशीची, सडपातळ, एका बाजूला मान कललेली. सभागृहात हशा पिकला, कुणीतरी "अरे, ही बघ!" म्हणालं. दुसरं लग्न, तिसरं. पांढरं, आणि आत्या. कुठे ती हसू दाबत होती, कुठे तोंडात टाचण्या धरून उभी होती, कुठे तिचं लक्षच नव्हतं आणि ती खिडकीबाहेर काहीतरी बघत होती. हळूहळू हशा थांबला. लोक आता नवरीची वाट बघत नव्हते. चित्र पांढरं झालं की सभागृह गप्प होई, आणि आत्या दिसली की कुणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू येई. ती दर वेळी जराशी मोठी झालेली असे. उन्हाची पट्टी तिच्या एप्रनच्या खालच्या काठावर पडत होती.

प्रस्तावना पडद्याकडे बघत नव्हती. ती खऱ्या आत्याकडे बघत होती. आत्या पापणी न हलवता बघत होती, ओठ किंचित उघडे. तिचा स्वतःचा एकही जुना फोटो घरात नव्हता, हे प्रस्तावनाच्या तेव्हा ध्यानात आलं. होते ते सगळे गटात, कडेला, अर्धा खांदा. आत्याला आपण कशा होतो हेच माहीत नव्हतं.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. काका उठून वाकले, पुन्हा वाकले.

"वेळेअभावी आज चर्चा होणार नाही," प्रस्तावना म्हणाली.

मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. घड्याळात पाच वाजत होते आणि कुणालाही कुठेही जायचं नव्हतं. लोक आधी एकमेकांकडे आणि मग, का कोण जाणे, एकजात आत्याकडे बघू लागले.

"वेळेअभावी म्हणजे?" मुख्याध्यापक उभे राहिले. "माझा अगदी साधा प्रश्न आहे. दिग्दर्शक महाशय, आपण या बाईंकडेच एवढं का बघत होतात?"

प्रस्तावना दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. काकांनी तिला हाताने हलकेच बाजूला केलं. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच जाहीर प्रश्न होता, आणि तो सोडायला ते काही साधुसंत नव्हते. त्यांनी सगळं सांगितलं. पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला का लागतं, टेबलावरची कापडं कशी डागाळतात, नवरी पिवळी कशी येते. अगदी समरसून सांगितलं. "थोडक्यात," ते शेवटी म्हणाले, "एप्रन."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. तज्ज्ञाने आपल्या बुटांचं निरीक्षण सुरू केलं. प्रस्तावनाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्यासाठी तिला इतकं वाईट वाटत होतं की तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

आत्या उभी राहिली. "मला बोलायचंय," ती म्हणाली.

"आत्या, वेळ संपली, आपण..."

"तू गप्प बस." आवाज चढवलेला नव्हता. ती काकांकडे वळली. "मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याकडे बघत होतात. या मुलीने तसं छापलं होतं, आणि मला ते खरं वाटलं. हसा, ज्यांना हसायचंय त्यांनी. माझा आठवडा फार छान गेला."

कुणीही हसलं नाही. काकांनी मफलर काढून हातात घेतला.

"एप्रन खरंच फार स्वच्छ असायचा हो," ते म्हणाले. त्यांना एवढंच सुचलं, आणि ते मनापासून होतं.

"घरी धुवायचे. नीळ घालून." आत्या थांबली. तिचे डोळे भरले होते, ते तिने पुसले नाहीत. "आता माझा प्रश्न. हे जे माझे तुकडे आहेत, ते तुम्ही लोकांच्या कॅसेटमधून कापत होतात?"

"सगळ्यांतून. एकीतही ठेवला नाही." काका जरा घाईने म्हणाले. "गिऱ्हाइकाला कशाला..."

"म्हणजे ते त्या लोकांचे नाहीत."

काकांनी विचार केला. "तसे कुणाचेच नाहीत."

"मग ते माझे. मला ते जोडून हवेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळीने. मधली लग्नं काढून टाका."

लग्नवाल्या मंडळींत किंचित चुळबुळ झाली, पण कुणी हरकत घेतली नाही.

काका आता ओळखीच्या रस्त्याला लागले. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद नव्हता म्हणून पत्रकच उलटं केलं. "मागे गाणं घालायचं?"

"नको. आहे तसंच राहू दे."

"बरं. सुरुवातीला नावांची पाटी येते. माझ्याकडे तो साचा तयार आहे, इकडे एक नाव, तिकडे एक नाव आणि मधे फूल. नावं काय घालू?"

"माझं."

"आणि?"

"आणि कुणाचं नाही."

काकांचं पेन थांबलं. त्यांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत अशी मागणी आली नव्हती, आणि नवरीच्या आयांनी त्यांच्याकडे काय काय मागितलं होतं! त्यांनी खरोखर अडचणीत पडल्यासारखं आत्याकडे पाहिलं.

"पण मग ती दुसरी जागा रिकामी दिसेल हो," ते म्हणाले.

"फूल मोठं करा," आत्या म्हणाली, आणि खाली बसली.